दाद कुठे मागायची? आयसीसी, बोर्ड आणि आपलं पार्क मैदान

‘आयसीसीबद्दल काय विचारायचं ते विचारा’ असं गेल्या अंकात म्हटलं होतं. आयसीसी म्हणजे जागतिक क्रिकेटचा कारभार पाहणारी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद, कार्यालय दुबईला. सोलापूर शहर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट अशा सगळीकडून पत्रं आली. त्यातल्या निम्म्याहून अधिक पत्रांत प्रश्न नव्हता, तक्रार होती. आणि त्यातली जवळपास एकही तक्रार दुबईच्या पत्त्यावर पाठवून उपयोग नव्हता. म्हणून उत्तर देताना प्रत्येक ठिकाणी ‘हे काम नक्की कुणाचं’ तेही सांगितलं आहे.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका शिबिराच्या पत्रकावर ‘आयसीसी मान्यताप्राप्त’ असं छापलंय. सहा हजार रुपये भरले की प्रमाणपत्र मिळतं आणि अंडर-१६ च्या निवडीत ते धरतात, असं सांगतात. मुलगा तेरा वर्षांचा आहे. पैसे भरावेत का? (एक पालक, जुळे सोलापूर)

उत्तर : शिकवणं चांगलं असेल तर शिकवण्यासाठी भरा. प्रमाणपत्रासाठी एक रुपयाही भरू नका.

आयसीसीचे सभासद म्हणजे देशोदेशीची बोर्डं. भारतातून तिथे एकच सभासद आहे, बीसीसीआय, म्हणजे भारतीय क्रिकेट नियामक मंडळ. बीसीसीआयचे सभासद म्हणजे राज्य संघटना. आपल्या राज्यात त्या तीन आहेत : मुंबई, विदर्भ आणि पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन. सोलापूर जिल्हा पुण्याकडे येतो. पुण्याच्या खाली जिल्हा संघटना, तिच्याखाली क्लब. या उतरंडीत आयसीसी थेट जुळे सोलापुरातल्या शिबिराला मान्यता देईल अशी पायरीच नाही. आयसीसीचे प्रशिक्षक आणि पंचांसाठी ऑनलाइन प्राथमिक अभ्यासक्रम आहेत. एखाद्या सरांनी तो पूर्ण केला असेल तर ते प्रमाणपत्र सरांचं. त्यावरून शिबिराला मान्यता मिळत नाही आणि मुलाला तर नाहीच नाही.

निवड होते ती जिल्हा संघटनेच्या चाचणीतून आणि राज्य संघटनेच्या निमंत्रित सामन्यांतून. त्यामुळे शिबिरवाल्यांना दोनच गोष्टी विचारा. तुमचा क्लब जिल्हा संघटनेकडे नोंदलेला आहे का? आणि मुलाचं नाव कोणत्या लीगमध्ये, कोणत्या संघातून नोंदवणार? या दोन्हींची उत्तरं लेखी मिळाली नाहीत तर पुढे जाऊ नका.

खरी अडचण पुढे येते ती वयाच्या कागदांत. अंडर-१६ साठी बीसीसीआय मनगटाच्या हाडांचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीनं वय ठरवतं. ही चाचणी संघटनेमार्फतच होते. खाजगी लॅबचा अहवाल नेऊन चालत नाही. त्याआधी कागद तपासले जातात. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर एकच तारीख हवी. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी ‘१ जून’ लिहून टाकलेली पिढी अजून पालकांच्या रूपात हयात आहे, आणि सवय पुरती गेलेली नाही. तारखेत फरक असेल तर तो आत्ता, तेराव्या वर्षी, दुरुस्त करून घ्या. निवडीच्या आठवड्यात केलेली दुरुस्ती संशयास्पद दिसते. वय लपवल्याचं सिद्ध झालं तर दोन वर्षांची बंदी, हे बीसीसीआयनं २०२० मध्ये जाहीर केलेलं आहे.

वयाबाबत आयसीसीचा स्वतःचा नियम एवढाच : २०२० पासून आंतरराष्ट्रीय सामना खेळायला किमान १५ वर्षं पूर्ण हवीत, मग तो पुरुषांचा असो, महिलांचा असो वा अंडर-१९. अपवाद हवा असेल तर देशाच्या बोर्डानं अर्ज करायचा, पालकांनी नाही.

प्रश्न : आमच्या लेदर बॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फलंदाजाच्या पायात गोळा आला. पंचांनी रनर (त्याच्या वतीनं धावणारा सहकारी) दिला. विरुद्ध संघ म्हणाला, आयसीसीनं रनर कधीच बंद केलाय. सामना पाऊण तास थांबला. बरोबर कोण? (स्पर्धा संयोजक, बार्शी)

उत्तर : दोघंही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर. चूक तुमची, कारण स्पर्धा कोणत्या पुस्तकावर चालणार हे तुम्ही लिहून ठेवलं नव्हतं.

क्रिकेटचे कायदे आयसीसीचे नाहीत. ते लंडनच्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबचे, म्हणजे एमसीसीचे, १७८८ पासून. आज त्यात ४२ कायदे आहेत. आयसीसी त्या कायद्यांवर आपल्या सामन्यांपुरत्या ‘प्लेइंग कंडिशन्स’ चढवतं. कसोटी, वनडे, टी-२० यांच्या वेगवेगळ्या. टीव्हीवर आपण बघतो ते बरंचसं या दुसऱ्या पुस्तकातलं असतं आणि आपल्याला वाटतं तोच कायदा.

रनर हे त्याचं नेमकं उदाहरण. एमसीसीच्या २५व्या कायद्यात रनर आजही आहे. आयसीसीनं तो आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरता २०११ मध्ये काढला. फ्री हिट (नो-बॉलनंतरचा चेंडू, ज्यावर फलंदाज सहसा बाद होत नाही) उलट : कायद्यात तिचा पत्ता नाही, ती पूर्णपणे प्लेइंग कंडिशन आहे. नव्या फलंदाजाला कायदा ३ मिनिटं देतो, आयसीसी वनडेत २ मिनिटं आणि टी-२० मध्ये ९० सेकंद. २०२३ च्या विश्वचषकात दिल्लीत अँजेलो मॅथ्यूज ‘टाइम्ड आउट’ झाला तो या दोन मिनिटांवर. डोक्याला चेंडू लागला तर बदली खेळाडूनं फलंदाजी करायची मुभा आयसीसीनं १ ऑगस्ट २०१९ पासून दिली. मूळ कायद्यात बदली खेळाडू फक्त क्षेत्ररक्षण करतो.

तेव्हा पुढच्या स्पर्धेच्या नियमपत्रकावर पहिलं वाक्य असं घाला : ‘खाली लिहिलेल्या बाबी सोडून सर्व बाबतींत एमसीसीचे चालू कायदे लागू राहतील.’ ‘आयसीसीचे नियम लागू’ असं मोघम लिहू नका. त्यात तिसरा पंच, स्टॉप क्लॉक (दोन षटकांमधल्या वेळेचं घड्याळ), डीआरएस (पंचांच्या निर्णयाचा तंत्रज्ञानानं फेरविचार) असं सगळंच येतं आणि हरलेला संघ बरोबर तेवढंच वाक्य धरून बसतो. त्यानंतर भांडणाच्या ठरलेल्या जागा एकेक करून बंद करा.

वाइड : ‘पंचांचा निर्णय’ एवढं पुरत नाही. वनडेत ऑफ बाजूला मधल्या स्टंपापासून ३५ इंचांवर मार्गदर्शक रेघ असते. रिटर्न क्रीज (स्टंपांच्या दोन्ही बाजूंची, खेळपट्टीच्या लांबीतली रेघ) मधल्या स्टंपापासून ४ फूट ४ इंचांवर. तिथून आत १७ इंच मोजले की तीच जागा येते. चुन्यानं दोन्ही टोकांना आखून टाका. लेग बाजूला फलंदाज आणि लेग स्टंप यांच्या मागून जाणारा चेंडू वाइड धरायचा की नाही, तेही लिहा.

पाऊस : ‘डकवर्थ-लुईस लागू’ (पावसानं षटकं कमी झाली की लक्ष्य बदलून देणारी पद्धत) असं बरेच जण ऐटीत छापतात आणि ढग आले की कॅल्क्युलेटर शोधत बसतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांत डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धत संगणक प्रणालीवर चालते. ती मोबाइलच्या कुठल्याही अ‍ॅपवर तशीच मिळेल असं धरू नका. तुमच्याकडे छापील तक्ता आणि तो वाचता येणारा स्कोअरर असेल तरच ती पद्धत लिहा. नाहीतर सरळ धावगती लिहा. ती पाठलाग करणाऱ्याला झुकतं माप देते, पण दोघांनाही आधी ठाऊक असते. निकालासाठी दुसऱ्या डावात किमान किती षटकं हवीत तेही ठरवा. आयसीसी टी-२० ला ५ आणि वनडेला २० धरतं.

बरोबरी : २०१९ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात सुपर ओव्हरही (बरोबरी फोडायला दोघांना मिळणारं एकेक जादा षटक) बरोबरीत सुटली आणि चौकारांच्या संख्येवर इंग्लंड जिंकलं. त्यावर एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी आयसीसीनं तो नियम मोडीत काढला. आता महत्त्वाच्या सामन्यांत निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर चालते. तुमच्याकडे उजेड संपेल, म्हणून ‘एक सुपर ओव्हर, नंतर साखळीतली गुणसंख्या’ असं काहीतरी लिहून ठेवा.

हे पत्रक दोन्ही कर्णधारांच्या सह्या घेऊन नाणेफेकीआधी पंचांकडे द्यायचं. सही नाही तर नाणेफेक नाही.

प्रश्न : आयसीसी स्थापन कुणी केली? आपल्याकडचे लोक त्यात कधी आले? (विद्यार्थी, सात रस्ता)

उत्तर : १५ जून १९०९ ला लॉर्ड्सवर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या तिघांनी. नाव होतं ‘इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्स’, आणि कारभारही नावासारखाच. १९२६ मध्ये भारत, न्यूझीलंड आणि वेस्ट इंडिज यांना घेतलं. त्याच वर्षी, २८ मार्चला, आपल्या सोलापुरात पॉली उम्रीगर जन्मले. पुढे ५९ कसोटी, १२ शतकं, आणि भारताचं पहिलं कसोटी द्विशतक, २२३, त्यांच्याच नावावर. १९६५ मध्ये ‘इम्पीरियल’ गेलं, पण इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा नकाराधिकार १९९३ पर्यंत टिकला. कार्यालय २००५ मध्ये लंडनहून दुबईला हललं. आज पूर्ण सभासद १२ आहेत. अफगाणिस्तान आणि आयर्लंड हे शेवटचे दोन २०१७ मध्ये आले.

भारतीयांपैकी जगमोहन दालमिया १९९७ मध्ये अध्यक्ष झाले. शरद पवार २०१० ते २०१२ अध्यक्ष होते, आणि त्याच काळात माढ्याचे खासदारही. म्हणजे जागतिक क्रिकेटचा अध्यक्ष आपल्या जिल्ह्यातल्या मतदारसंघाचा खासदार होता. मग एन. श्रीनिवासन, नागपूरचे शशांक मनोहर, आणि १ डिसेंबर २०२४ पासून जय शहा.

प्रश्न : पार्क मैदानाचं रूप पालटलं, रणजीचा सामनाही झाला. मग आंतरराष्ट्रीय सामना का देत नाहीत? आयसीसीकडे निवेदन दिलं तर? (क्रीडाप्रेमी नागरिक, मुरारजी पेठ)

उत्तर : निवेदन आयसीसीकडे देऊन काही होणार नाही. भारतातला सामना कुठल्या गावात हे बीसीसीआय ठरवतं. राज्य संघटनेच्या वाट्याला आलेला सामना पुण्याची संघटना तिच्या मैदानावर घेते, आणि तिचं स्वतःचं स्टेडियम गहुंज्यात उभं आहे. आयसीसीचा संबंध त्यानंतर येतो. नवं मैदान असेल तर पाहणी करून ते आंतरराष्ट्रीय सामन्यास योग्य आहे का ते बघणं, आणि सामना झाल्यावर खेळपट्टीला व आउटफिल्डला (खेळपट्टीबाहेरच्या मैदानाला) शेरा देणं.

पाहणीत काय बघतात? सुरुवात टेपनं होते. ज्या खेळपट्टीवर सामना होणार तिच्या मध्यापासून सीमारेषा पुरुषांच्या सामन्यात कमीत कमी ६५ यार्ड आणि जास्तीत जास्त ९० यार्ड हवी. महिलांसाठी ६० ते ७० यार्ड. शिवाय दोरी कुंपणाच्या किमान ३ यार्ड आत. इथेच शहरातली जुनी मैदानं अडतात. एक खेळपट्टी १० फूट रुंद. मधल्या खेळपट्टीपासून दोरी ७५ यार्डांवर असली तरी कडेच्या तिसऱ्या खेळपट्टीवर सामना लावला की एका बाजूचे १० यार्ड जातात आणि बरोबर ६५ उरतात, चौथी खेळपट्टी बादच. म्हणून ‘मैदान मोठं आहे’ एवढं म्हणून भागत नाही. किती खेळपट्ट्यांवर माप बसतं ते सांगावं लागतं. मग येतात तिसऱ्या पंचाची खोली, उत्तेजक चाचणीची खोली, खेळाडू आणि पंचांच्या भागात बाहेरच्याला शिरता येणार नाही अशी रचना, प्रकाशझोत, पाण्याचा निचरा. महापालिकेच्या मैदानावर हे सगळं सामन्यापुरतं उभं करून चालत नाही, वर्षभर राखावं लागतं.

खेळपट्टीचं सांगायचं तर शेरे चार आहेत : अतिउत्तम, समाधानकारक, असमाधानकारक, अयोग्य. ‘असमाधानकारक’ला १ दोषांक, ‘अयोग्य’ला ३. पाच वर्षांत ६ दोषांक झाले की मैदानाला १२ महिने आंतरराष्ट्रीय सामना नाही. शेरा सामनाधिकारी देतो. त्यावर बोर्डाला १४ दिवसांत अपील करता येतं. अपिलानं फरक पडतो. इंदूरला मार्च २०२३ मध्ये जुन्या पद्धतीप्रमाणे ‘खराब’ शेरा आणि ३ दोषांक मिळाले होते. बीसीसीआयच्या अपिलानंतर शेरा सौम्य झाला आणि दोषांक एकावर आला. गहुंज्यात २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी तीन दिवसांत संपली, भारत १०५ आणि १०७, तेव्हाही शेरा ‘खराब’च होता, फक्त दोषांकांची पद्धत २०१८ मध्ये सुरू झाली म्हणून ते मैदान हिशेबातून सुटलं.

आपल्या काळ्या मातीबद्दल दोन शब्द, कारण तीनचार पत्रांत तोच विषय आहे. ही माती भिजली की फुगते आणि सुकली की आकसते. शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा तीच गोष्ट सांगतात. खेळपट्टीवर त्याचे दोन परिणाम होतात : उसळी खाली राहते, आणि ऊन लागलं की ढेकळं सुटतात. बहुतेक ठिकाणी चूक रोलर फिरवण्याच्या वेळेत होते. ओल जास्त असताना फिरवला तर माती रोलरला चिकटून वर येते. पूर्ण सुकल्यावर फिरवला तर वरचा पापुद्रा चेपतो, खाली पोकळ राहतं. शेतकरी ज्याला वापसा म्हणतो तीच वेळ : अंगठा दाबला तर ठसा उमटतो, पण माती बोटाला लागत नाही. तेव्हा आधी हलका, मग जड रोलर, सावकाश, आधी लांबीत आणि मग तिरपा, रोज ओल कमी होईल तसतसा. दुसरी चूक गवताची. सामना उद्या म्हणून आठवडाभर आधीच गवत मुळापासून खरवडतात. ती मुळंच मातीला धरून ठेवतात. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या झळांत ती गेली की भेगांच्या कडा सुटायला दोन दिवस पुरतात. पातं कापा, मूळ ठेवा, आणि दुपारी खेळपट्टी गोणपाटानं झाका.

आमचं मत विचाराल तर आंतरराष्ट्रीय सामन्याचा हट्ट बाजूला ठेवून दरवर्षी एक रणजी, महिलांचे आणि अंडर-१९ चे सामने मागावेत. ते पुण्याकडे मागायचे, आणि मागताना खेळपट्ट्यांची मापं सोबत जोडायची.

प्रश्न : २०२४ चा अंडर-१९ विश्वचषक श्रीलंकेत होता. आपला अर्शिन कुलकर्णी खेळला तो दक्षिण आफ्रिकेत. असं अचानक का? (वाचक, रेल्वे लाइन्स)

उत्तर : कारण १० नोव्हेंबर २०२३ ला आयसीसीनं श्रीलंकेच्या बोर्डाचं सभासदत्व निलंबित केलं. सभासद बोर्डानं आपला कारभार स्वायत्तपणे चालवायचा, त्यात सरकारनं हात घालायचा नाही, अशी आयसीसीची अट आहे. श्रीलंकेत सरकारनं बोर्डच बरखास्त करून हंगामी समिती नेमली होती. निलंबनानंतर स्पर्धा तिथून काढून दक्षिण आफ्रिकेला दिली. तिथे ब्लूमफाँटेनला २८ जानेवारीला अर्शिननं अमेरिकेविरुद्ध १०८ धावा केल्या, आणि योगायोग असा की त्याच दिवशी श्रीलंकेवरचं निलंबन उठलं. २०१९ मध्ये झिम्बाब्वेवरही याच कारणानं तीनेक महिने अशी पाळी आली होती. आयसीसीच्या हातातलं खरं हत्यार हेच : स्पर्धा काढून घेणं आणि पैसा अडवणं. बोर्डाला ती तुरुंगात टाकू शकत नाही.

प्रश्न : हरमनप्रीत कौरला २०२३ मध्ये दोन सामने बाहेर बसवलं. स्टंपला बॅट मारण्याबद्दल एवढी शिक्षा? (वाचक, पंढरपूर)

उत्तर : बॅट एकदा आणि जीभ एकदा, असा तो हिशेब आहे. मीरपूरला बाद दिल्यावर स्टंपवर बॅट मारली, हा दुसऱ्या पातळीचा गुन्हा : मानधनाच्या ५० टक्के दंड आणि ३ दोषांक. बक्षीस समारंभात पंचांवर जाहीर टीका केली, हा पहिल्या पातळीचा : २५ टक्के आणि १ दोषांक. एकूण ४. चोवीस महिन्यांत ४ दोषांक झाले की त्यांचे दोन निलंबन गुण होतात, आणि दोन निलंबन गुण म्हणजे एक कसोटी किंवा दोन वनडे किंवा दोन टी-२०, जे आधी येईल ते. तिच्या वाट्याला आशियाई क्रीडा स्पर्धेतले पहिले दोन सामने आले. समारंभात गप्प बसली असती तर तीनवरच थांबली असती आणि एकही सामना गेला नसता.

प्रश्न : माझी बहीण राज्याच्या अंडर-१९ शिबिरात आहे. इन्स्टाग्रामवर एका अनोळखी माणसानं ‘किट स्पॉन्सर करतो, फक्त उद्या संघात कोण आहे आणि विकेट कशी आहे ते सांग’ असा मेसेज केला. तिनं ब्लॉक करून मेसेज उडवला. प्रकरण संपलं ना? (मोठा भाऊ, मंगळवेढा)

उत्तर : संपलं नाही, आणि आज रात्रीच हालचाल करायला हवी.

तिनं काही सांगितलं नाही हे उत्तम. पण असा संपर्क झाला आणि कळवला नाही, हाच एक स्वतंत्र गुन्हा आहे. बांगलादेशच्या शाकिब अल हसननं कधी फिक्सिंग केल्याचं सिद्ध झालं नव्हतं. सट्टेबाजानं केलेले संपर्क कळवले नाहीत एवढ्यावर २०१९ मध्ये त्याला दोन वर्षांची बंदी झाली, त्यातलं एक वर्ष स्थगित. आयसीसीच्या संहितेत न कळवण्याला सहा महिने ते पाच वर्षं बंदी आहे. तुमच्या बहिणीचे सामने देशांतर्गत आहेत, म्हणून तिला बीसीसीआयची संहिता लागू. उद्या ती भारतीय संघात गेली तर आयसीसीची. दोन्हींचं तत्त्व एकच.

करायचं असं. ब्लॉक काढू नका, त्या माणसाला उत्तर देऊ नका, ‘कोण आहेस, पोलिसांत देईन’ असलं शौर्यही नको. ज्या खात्यावरून मेसेज आला त्याचं नाव आणि प्रोफाइल, तारीख, अंदाजे वेळ, आठवतील ते शब्द आत्ताच कागदावर लिहा. फोन फॉरमॅट करू नका किंवा विकू नका. उडवलेला मेसेज तपासात परत मिळू शकतो, आणि मुद्दाम पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ मेसेजपेक्षा महागात पडतो. मग संघाच्या मॅनेजरला तोंडी सांगा आणि लगेच लेखी, ईमेलनं, राज्य संघटनेला कळवा; त्यात ‘बीसीसीआयच्या भ्रष्टाचारविरोधी विभागाकडे पाठवावे’ असं लिहा. ईमेलची प्रत जपून ठेवा. मॅनेजर ‘जाऊ दे गं, असले मेसेज येतच असतात’ म्हणाला तरी ईमेल पाठवाच. उद्या विचारणा झाली तर त्याचं तोंडी आश्वासन कामाला येणार नाही.

आणि घरच्यांसाठी : संघ जाहीर होण्याआधी ‘आमची ताई उद्या ओपनिंगला’ असं कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. सट्ट्याच्या बाजारात आतली बातमी म्हणतात ती हीच.

प्रश्न : शाळा-कॉलेजांची मोठी ऑर्डर आली आहे. ‘आयसीसी साइज’ बॅट आणि बॉल मागितलेत. नक्की माप काय? (क्रीडासाहित्य विक्रेता, नवी पेठ)

उत्तर : मापं एमसीसीच्या चौथ्या आणि पाचव्या कायद्यात आहेत, आयसीसी तीच पाळतं. बॅट : लांबी जास्तीत जास्त ३८ इंच, रुंदी सव्वाचार इंच म्हणजे १०८ मिलिमीटर, जाडी ६७ मिलिमीटर, कड ४० मिलिमीटर. जाडी आणि कडेची मर्यादा २०१७ पासूनची, त्यामुळे गोदामात जुना माल असेल तर गेजमधून (मापाच्या साच्यातून) काढून बघा. कडेची टेप नवी लावली की बॅट अडकू शकते, म्हणून तपासणी सगळं लावल्यावर करा.

चेंडू : पुरुषांचा १५५.९ ते १६३ ग्रॅम, घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर. महिलांचा १४० ते १५१ ग्रॅम. तेरा वर्षांखालच्यांचा १३३ ते १४४ ग्रॅम. इथे नेहमी घोटाळा होतो : मुलींच्या स्पर्धेला सर्रास पुरुषांचा चेंडू पाठवला जातो, कारण पेट्या सारख्याच दिसतात. ऑर्डर घेताना मुलांचे किती, मुलींचे किती, लहान गटाचे किती हे वेगळं लिहून घ्या आणि प्रत्येक डझनातले दोन चेंडू ग्रॅमच्या काट्यावर ठेवा. सोनाराकडचा काटा चालेल. वेष्टनावरच्या शिक्क्यावर जाऊ नका.

प्रश्न : आयसीसीचा पैसा भारताकडेच का जातो? आणि आयपीएल आयसीसीची का नाही? (वाचक, अकलूज)

उत्तर : आयसीसीची मुख्य कमाई म्हणजे विश्वचषकांसारख्या तिच्या स्पर्धांच्या प्रसारण हक्कांची, आणि त्यातला सर्वांत मोठा ग्राहक भारतातला. २०२४ ते २०२७ च्या वाटपात, प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे, बीसीसीआयला ३८.५ टक्के आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या इंग्लंडला ६.८९ टक्के. कमावून देणाऱ्याला जास्त मिळावं हे मान्य केलं, तरी इतकी दरी आम्हाला खेळाच्या हिताची वाटत नाही. खेळाडूंच्या बाबतीत मात्र २०२३ चा समान बक्षिसांचा निर्णय चांगला झाला; नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत विश्वचषक जिंकलेल्या आपल्या महिलांना ४४.८ लाख डॉलर मिळाले.

आयपीएल ही बीसीसीआयची देशांतर्गत स्पर्धा आहे, रणजीसारखीच, फक्त श्रीमंत. तिचा नफा आयसीसीच्या वाटपात येत नाही. स्थानिक बोर्डाची परवानगी नसलेली स्पर्धा मात्र ‘अमान्य क्रिकेट’ ठरते आणि तिथे खेळणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. २००७ मध्ये सुरू झालेल्या इंडियन क्रिकेट लीगमध्ये गेलेल्या खेळाडूंनी ते भोगलं. २००९ मध्ये माफी मिळाली तेव्हा ते परतले.

प्रश्न : आमच्या क्लबातल्या ऑफस्पिनरचा हात वाकडा आहे. प्रतिस्पर्धी ‘पंधरा अंश’ म्हणून ओरडतात. पंचांनी मोजायचं कसं? (कर्णधार, अक्कलकोट)

उत्तर : पंचांनी मोजायचंच नसतं. पंधरा अंश ही प्रयोगशाळेतली मर्यादा आहे, आणि तीही हात किती वाकलाय याची नाही. चेंडू टाकताना हात खांद्याच्या रेषेत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर किती सरळ होतं, त्याची ती मर्यादा. वाकलेला हात शेवटपर्यंत तितकाच वाकलेला राहिला तर चेंडू वैध. आंतरराष्ट्रीय सामन्यात पंच फक्त अहवाल देतात, मोजणी मान्यताप्राप्त केंद्रात होते. भारतात असं केंद्र चेन्नईला आहे.

तुमच्या सामन्यात एमसीसीचा २१वा कायदा लागू. पंचाला डोळ्यांनी फेक वाटली तर तो नो-बॉल देऊ शकतो. मुलाचा चेंडू बाजूनं आणि मागून, दोन्हीकडून मोबाइलच्या स्लो मोशनवर घ्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट नको, कोपर उघडं हवं. नेहमीचा ऑफब्रेक आणि जोरात टाकलेला चेंडू असे वेगवेगळे घ्या, कारण बहुतेकांचं कोपर जोर लावतानाच झटकतं. नेहमीच्या चेंडूवर हात स्थिर आणि फक्त वेगवान चेंडूवर झटका दिसला, तर तो एक चेंडू हंगामभर बंद करा आणि बाकीची गोलंदाजी चालू ठेवा.